फ्लाय बांधण्याची बॉबिन: नागपुरात बसून योग्य ती कशी निवडावी

फ्लाय म्हणजे मासे पकडण्यासाठी गळावर दोरा, पिसं वगैरे बांधून केलेलं नकली आमिष. फ्लाय बांधायला शिकणारे बहुतेक जण पहिला खर्च व्हाइसवर (गळ घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंजावर) करतात, दुसरा पिसांवर आणि चमकीवर. बॉबिन मात्र किटमध्ये येईल ती. मग दोरा तुटायला लागतो. गळावर अर्धी झालेली फ्लाय उसवते, पिसं सुटतात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिकणाऱ्याला वाटतं, आपलाच हात जड आहे. ज्यांना मी शेजारी बसवून बांधायला शिकवलं, त्यांतल्या बऱ्याच जणांचा हात चांगला होता, बॉबिन वाईट होती. चांगल्या हाताच्या माणसाने एवढ्याशा हत्यारापायी हा छंद सोडावा याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

बॉबिन म्हणजे दोऱ्याचं रीळ धरणारं छोटं हत्यार. तारेचे दोन पाय रिळाला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात आणि दोरा वरच्या बारीक नळीतून बाहेर येतो. नळीचं टोक तुम्ही गळाभोवती फिरवता. हात सोडला की बॉबिन दोऱ्याला लटकून राहते आणि तिच्या वजनानेच आधीचे वेढे घट्ट राहतात. फ्लायमध्ये जागोजागी गाठी मारत नाहीत. शेवटची गाठ सोडली तर सगळं या ताणावर टिकतं.

नागपुरात अडचण अशी की गळ, लाइन, रॉड विकणारी दुकानं आहेत, पण फ्लाय बांधायचं सामान त्यांच्याकडे सहसा नसतं. इतवारीच्या बाजारात बॉबिन मागितली की शिलाई मशिनची मिळते. म्हणजे वस्तू हातात न घेता, फोटोवरून निवडायची. म्हणून इथे दोन गोष्टींवर भर दिला आहे: फोटो आणि वर्णन यांतून काय ओळखायचं, आणि पार्सल आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत काय तपासायचं.

जवळ काय काय हवं

- दोरा तपासायला काळा कागद किंवा काळं कापड
- कापूस आणि दात कोरायची काडी
- भिंग, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा
- बारीक नायलॉन लाइनचा (०.२० मिमीच्या आसपास) वीतभर तुकडा, दोरा ओवण्यासाठी
- ताण तपासायला मोठ्या मापाचा एक गळ आणि व्हाइस
- परदेशातून मागवणार असाल तर ओळखपत्र. आयात पार्सलसाठी कुरिअर कंपनी केवायसी मागते

१. आधी मासा, मग गळ, मग दोरा

बॉबिन दोऱ्यासाठी असते. त्यामुळे तुम्ही कोणता दोरा वापरणार हे आधी ठरलं पाहिजे, आणि ते ठरतं माशावरून.

आपल्या भागात फ्लायवर घ्यायला सगळ्यात रंगतदार मासा म्हणजे मरळ. त्यासाठी पाण्यावर तरंगणारा फोमचा बेडूक किंवा पॉपर (ओढला की पाण्यावर आवाज करणारी तरंगती फ्लाय) बांधतात, १/० किंवा २/० मापाच्या गळावर. इथे १४० ते २१० डेनिअरचा दोरा लागतो. बारीक दोरा आवळला की फोममध्ये रुततो आणि फोम कापला जातो. ६ ते १० नंबरच्या गळावर वूली बगर (पिसांची झुबकेदार, बुडणारी फ्लाय) बांधायची असेल तर १४० डेनिअर पुरेसा आहे. तिलापियासाठी १२ किंवा १४ नंबरच्या गळावर लहान निंफ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी फ्लाय) बांधायची असेल तर ७० डेनिअर. गळाच्या साध्या नंबरात आकडा वाढला की गळ लहान होतो, आणि पुढे शून्य लागलं (१/०, २/०) की उलट, मोठा होत जातो.

डेनिअर म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. हा आकडा सरळ आहे. काही कंपन्या मात्र ६/०, ८/० असे जुने आकडे छापतात आणि तिथे फसायला होतं. युनीचा ६/० साधारण १३५ डेनिअरच्या जवळ आहे, डॅनव्हिलचा ६/० मात्र ७० च्या जवळ. छापलेला आकडा तोच, पण डेनिअर जवळजवळ दुप्पट. म्हणून दोरा घेताना डेनिअरच पाहा.

परदेशी व्हिडिओंत पॉपरसाठी हरणाचे केस वापरलेले दिसतील. चितळ, सांबर, काळवीट यांचे केस बाळगणं आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कोणी ‘जंगलात पडलेले मिळाले’ म्हणून दिले तरी घेऊ नका. क्राफ्टचं सामान ठेवणाऱ्या स्टेशनरी दुकानात ईव्हीए फोमचे रंगीत कागद मिळतात, मरळीला ते पुरतात. तसंच मासेमारीची परवानगी आधी विचारा: बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोहला मासेमारीला बंदी आहे.

२. नळी: पैसे इथेच घाला

बॉबिनच्या किमतीतला जो भाग नळीवर खर्च होतो तो कामाचा, बाकीचा बराचसा दिसण्याचा. रंगीत ॲनोडाइज केलेली मूठ, कोरलेलं नाव, यांनी एकही वेढा नीट बसत नाही.

दोरा नळीला दोन ठिकाणी घासतो. एक, खालचं तोंड, जिथे तो रिळावरून येऊन नळीत शिरतो. दुसरं, वरचं टोक, जिथून तो बाहेर पडून काटकोनात वळतो आणि गळाकडे जातो. या दोन्ही काठांवर बारीकसा जरी बर (कापताना राहिलेली धातूची धारदार खरखर) राहिला असेल तरी दोऱ्याचे तंतू एकेक करून कापले जातात. दोरा लगेच तुटत नाही. आधी पिंजतो, मग चार-सहा वेढ्यांनी, नेमका पिसं आवळताना तुटतो.

साध्या धातूची नळी. पितळ किंवा स्टेनलेस स्टील. धातूची नळी वाईटच असते हे खरं नाही. दोन्ही काठ बाहेर वळवून नीट घासलेले असतील तर ती वर्षानुवर्षं चालते आणि पडली तरी फुटत नाही. स्वस्त किटमध्ये मात्र नळी नुसती कापून तारेला जोडलेली असते. वरचं टोक दिसतं म्हणून निदान थोडं घासतात, खालचं तसंच राहतं. आणखी एक: जेल-स्पन म्हणजे जीएसपी जातीचा पॉलिएथिलीनचा दोरा वापरणार असाल तर तो स्वतः इतका चिवट असतो की कालांतराने धातूच्या काठावर खाच पाडतो. मग त्या खाचेत बाकीचे दोरे पिंजतात.

सिरॅमिकची नळी. सिरॅमिक धातूपेक्षा कठीण आणि गुळगुळीत, त्यात खाच पडत नाही. नवशिक्याने हीच घ्यावी असं माझं मत आहे. पण ‘सिरॅमिक’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, अख्खी नळीच सिरॅमिकची. दुसरी, धातूच्या नळीच्या दोन्ही टोकांना सिरॅमिकच्या कड्या. तिसरी, फक्त वरच्या टोकाला कडी, खाली उघडा धातू. तिसऱ्या प्रकारात तुम्ही सिरॅमिकचे पैसे देता आणि दोरा खालीच कापला जातो. वर्णनात ‘दोन्ही टोकांना’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा आणि खालच्या तोंडाचा फोटो मागा. उत्तर आलं नाही तर ती बॉबिन सोडून द्या.

सिरॅमिकचा एकच दोष, ते ठिसूळ असतं. आपल्या घरांत खाली शहाबादी किंवा टाइलची फरशी. टेबलावरून बॉबिन टोकावर पडली की कडीला केसासारखी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण दोऱ्याला पात्यासारखी कापते. बांधायला बसता तिथे खाली सतरंजी घाला. बॉबिन पडलीच तर पुढची फ्लाय सुरू करण्याआधी पायरी ६ मधली तपासणी पुन्हा करा.

माणिकाच्या म्हणजे रूबीच्या टोकाच्या बॉबिनही मिळतात. टोक उत्तम असतं, पण सुरुवातीला त्या किमतीची गरज नाही.

३. नळीची लांबी आणि एकूण आकार

बॉबिन हातात अशी बसायला हवी की रीळ तळहातात राहील आणि अंगठा व तर्जनी नळीवर. रीळ तळहातात असलं की त्याला बोटाने थोपवून ताण वाढवता येतो. फार लांब बॉबिन लहान हाताला जड जाते. बारीक फ्लायसाठी मिज नावाने आखूड बॉबिन मिळते, तीही चांगली, फक्त तिच्यात रीळ कोणतं बसतं ते पाहा (पायरी ५). मरळीच्या मोठ्या पॉपरसाठी नळी थोडी लांब असावी, म्हणजे फोम आणि पायांच्या रबरांमधून टोक आत नेता येतं.

नळीचं भोकही वेगवेगळं असतं. फ्लॉस म्हणजे चपटा जाड दोरा बारीक भोकातून गोळा होऊन येतो, त्याला रुंद भोकाची नळी लागते. सुरुवातीला फ्लॉसच्या वाटेला जाऊ नका.

४. ताण: साधे तारेचे पाय की स्क्रू

साध्या बॉबिनमध्ये तारेच्या पायांच्या स्प्रिंगवरच ताण अवलंबून असतो. पाय बाहेर वाकवले की रीळ सैल, आत वाकवले की घट्ट. यात बिघडण्यासारखं काही नाही आणि ताण कुठून येतो हे हाताला कळतं. सुरुवातीला हीच घ्या.

स्क्रू किंवा गोल बटण फिरवून ताण बदलणाऱ्या बॉबिन येतात, अमेरिकेची राइट बॉबिन त्यांतली प्रसिद्ध. इटलीची स्टोन्फो कंपनीही अशा बनवते. तुम्ही एकाच बैठकीत ७० आणि २१० डेनिअर असे आलटून पालटून वापरत असाल तर तिचा उपयोग आहे. नॉर-व्हाइसच्या स्वयंचलित बॉबिनमध्ये स्प्रिंग सुटलेला दोरा स्वतःहून परत गुंडाळते. चांगली सोय, पण तिचं रीळ वेगळं असतं आणि दोरा त्यावर आधी भरून घ्यावा लागतो. दोन्हींकडे पहिली बॉबिन म्हणून पाहू नका.

पायांच्या टोकाला मणी किंवा छोट्या वाट्या असतात, त्या रिळाच्या भोकात बसतात. फोटोत दोन्ही मणी समोरासमोर, एका रेषेत आहेत का ते पाहा. तिरके असतील तर रीळ लटपटतं आणि दोरा धक्क्या-धक्क्याने सुटतो. पाय वाकवून ते सरळ करता येतं, पण नवीन वस्तूत ते का करावं?

५. रीळ बसतं का

फ्लायच्या दोऱ्याचं नेहमीचं रीळ साधारण इंचभर रुंद असतं. इतवारी, गांधीबागेत मिळणारी शिलाईची मोठी रिळं या बॉबिनमध्ये बसत नाहीत. शिलाई मशिनची बॉबिन उलट फार अरुंद, जेमतेम अर्धा इंच. ती मिज बॉबिनमध्ये बसते.

सरावासाठी महाग दोरा संपवायचा नसेल तर मशिन एम्ब्रॉयडरीचा पॉलिएस्टर दोरा घ्या, कोनवर ‘१२०डी/२’ असं लिहिलेला. १२० डेनिअरचे दोन पदर म्हणजे एकूण २४० डेनिअर होतात, मोठ्या गळावर हात बसवायला ठीक. तो मशिनच्या बॉबिनवर भरा, किंवा फ्लायचं रिकामं झालेलं रीळ जपून ठेवून त्यावर भरा. कपडे शिवायचा साधा स्पन पॉलिएस्टर टाळा. त्याला लव असते आणि ती नळीत साचते.

६. पार्सल आल्यावर त्याच दिवशी तपासा

मागवताना एक हिशेब करा. परदेशी दुकानातून एकच बॉबिन मागवली तर कुरिअर आणि आयात शुल्क मिळून बॉबिनच्या किमतीच्या वर जाऊ शकतं. दोघे-तिघे मिळून मागवा, किंवा भारतातल्या विक्रेत्याकडून परतीची सोय पाहून घ्या.

पार्सल उघडल्यावर:

काडीला थोडा कापूस गुंडाळा आणि नळीच्या दोन्ही तोंडांच्या काठावरून हलक्या हाताने गोल फिरवा. एकही तंतू अडकला तर तिथे बर किंवा चीर आहे. कडी आणि धातू जिथे चिकटवलेले असतात तो सांधाही असाच तपासा, डिंकाची खरखर तिथे लपते.

मग तुमच्याकडचा सगळ्यात बारीक दोरा ओवा. नायलॉन लाइन दुमडून तिचा फास वरच्या टोकातून खाली ढकला, फासात दोरा घाला, वर ओढा. तारेचा थ्रेडर (दोरा ओवायचं हत्यार) धातूच्या नळीला आतून ओरखडे पाडू शकतो, म्हणून मी लाइनच पसंत करतो. आता नळी उभी धरून दोरा काटकोनात, काठावर दाब देत हातभर ओढा. नळी थोडी फिरवून पुन्हा ओढा, असं काठाच्या चारही बाजूंनी. ओढलेला दोरा काळ्या कागदावर ठेवून भिंगाने पाहा. गुळगुळीत असेल तर बॉबिन चांगली. लव दिसली तर परत करा.

परतीची सोय नसेल आणि नळी धातूची असेल तर १,००० किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून काठ आतून-बाहेरून घासा, मग जाड सुती दोऱ्याला टूथपेस्ट लावून तो नळीतून मागेपुढे ओढा. धुऊन, वाळवून पुन्हा कापसाने तपासा. चीर गेलेल्या सिरॅमिकवर मात्र असा काही उपाय नाही.

७. ताण बसवा

व्हाइसमध्ये मोठा गळ लावा, दहा-बारा वेढे घ्या आणि बॉबिन सोडून द्या. ती लटकून स्थिर राहिली पाहिजे. आपोआप खाली सरकत असेल तर ताण कमी आहे. आता बॉबिन सावकाश खाली ओढा. दोरा तुटायच्या जरा आधी रीळ फिरलं पाहिजे. आधी दोरा तुटला तर ताण जास्त.

ताण बदलताना रीळ काढून घ्या आणि दोन्ही पाय सारखेच, अगदी थोडे वाकवा. एकाच पायाला जोर दिला की मणी तिरके होतात. मधेच थोडा जास्त ताण हवा असेल तर दोरा नळीत जाण्याआधी एका पायाभोवती एक वेढा द्या, पाय वाकवायची गरज पडत नाही.

एकदा मुद्दाम दोरा ओढून तोडा. कितपत ताण तो सहन करतो हे हाताला कळल्याशिवाय फ्लाय घट्ट बांधता येत नाही. रीळ बदललं, डेनिअर बदललं की हे पुन्हा करा.

८. दोरा तुटतोच आहे? बॉबिनला दोष देण्याआधी

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून तुटलेलं टोक नेहमी भिंगाखाली पाहा.

टोक एकदम स्वच्छ कापलेलं आणि तुम्ही गळाच्या वाकाजवळ काम करत होतात? दोरा गळाच्या अणकुचीला लागला आहे. नवशिक्यांचा सर्वाधिक दोरा असाच तुटतो आणि बिचारी बॉबिन बदलली जाते. व्हाइसमध्ये गळाची अणी झाकली जाईल असा धरा, किंवा त्या भागात वेढा देताना बॉबिन जरा पुढून न्या.

टोकाला लांबवर लव आहे, तंतू वेगवेगळ्या ठिकाणी तुटलेले? काठ खराब आहे. पायरी ६.

झटका बसून तुटला? रीळ अडकलं. दोरा रिळाच्या कडेवरून घसरून पायाभोवती गुंडाळला जातो किंवा रिळाच्या खाचेत अडकतो, ते पाहा.

दोरा गोल, कडक होऊन वेढे एकमेकांवर चढताहेत? उजव्या हाताने वेढे देताना दोऱ्याला पीळ चढत जातो. बॉबिन लटकवून, वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने भिरकवा, दोरा पुन्हा चपटा होतो. फोमवर चपटाच हवा. नळीचं टोक आणि गळ यांत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त दोरा मोकळा ठेवू नका, म्हणजे वेढा हवा तिथेच पडतो.

९. नागपूरचा उन्हाळा आणि नळीची सफाई

मेण लावलेला दोरा एप्रिल-मेमध्ये त्रास देतो. पारा ४५ च्या घरात गेला की मेण मऊ होऊन नळीच्या तोंडाशी साचतं, त्यात धूळ आणि पिसांची लव चिकटते आणि दोरा अडखळतो. उन्हाळ्यात बिनमेणाचा दोरा वापरा आणि जिथे हवं तिथेच हाताने मेण लावा. रिळं खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका. कूलरचा झोत टेबलावर आला तर पिसं उडतातच, शिवाय लटकलेली बॉबिन झुलून वेढे सैल होतात. झोत पाठीमागून जाईल अशी बैठक मांडा.

नळी साफ करायला जाड नायलॉन लाइनचा तुकडा आतून फिरवा, साचलेलं मेण बाहेर येतं. काही चिकटून राहिलं तर नळी कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवा आणि पूर्ण वाळल्यावरच दोरा ओवा. सुई किंवा टाचणी आत घालू नका, ती धातूच्या काठाला ओरखडते.

१०. दुसरी बॉबिन कधी घ्यावी

दोन जाडीचे दोरे नियमित लागायला लागले की. प्रत्येक वेळी रीळ काढून, दोरा ओवून, ताण नव्याने बसवण्यात बैठकीचा वेळ जातो. पहिली चांगली निघाली असेल तर त्याच कंपनीची, त्याच मापाची दुसरी घ्या, म्हणजे हाताला फरक जाणवत नाही. पायाला रंगीत नेलपेंटचा ठिपका लावा: एक ७० ची, एक १४० ची. २१० लागेल तेव्हा तो १४० च्या बॉबिनमध्ये घाला आणि ताण तपासूनच सुरुवात करा.